गोठ्यातला खोकला

दिवे लागायच्या वेळेला त्या गोठ्यापुढे उभं राहायला जागा नसायची. म्हातारीला जाऊन वर्ष झालं होतं आणि तिचा खोकला रोज संध्याकाळी आतून ऐकू यायचा. आधी दोन कोरडे ठसके, मग लांबलेली खरखर. अगदी तिचाच. मी गुरांची डॉक्टर. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करते.

तिचा नवरा, म्हातारा, दाराशी स्टूल टाकून बसलेला असायचा. "आलीस का गं?" एवढंच म्हणायचा. आतली पांढरी गाय पुन्हा खोकायची आणि गर्दी हात जोडायची.

राख फासून रोग उतरवणाऱ्या राखबाबाचा शिरकाव मात्र माझ्या सुईमुळे झाला. गुरांच्या क्षयावर लस द्यायची होती. वासरांना टोचून, आणि रानडुकरांना खाण्याच्या गोळ्यांतून, कारण तीही गुरांच्याच डबक्यावर पाणी पितात. त्याआधी मोठ्या गाईंची तपासणी. मानेच्या कातडीत औषधाचा थेंब टोचायचा आणि तीन दिवसांनी बघायचं. गाठ आली तर रोगाचा संशय. पांढरीला लिंबाएवढी गाठ आली, म्हाताऱ्याच्या शेजारणीच्या गाईलाही आली. मी बजावलं, "गाय वेगळी बांधा आणि दूध उकळूनच घ्या." ही गाठ आठवडाभरात आपोआप बसते, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं. माकडाच्या हातात कोलीत दिलं ते मीच.

"गाठ कसली? बैठक आहे ती!" बाबा गरजला. "म्हातारी येऊन बसलीय! सुई टोचून डिवचलंत तिला. सात दिवस राख लावतो, शांत करतो. आणि ऐका, दूध तापवाल तर तिचा जीव पोळेल. धारोष्णच प्यायचं!"

धारोष्ण दूध ही त्या घरची जुनीच सवय. बाबाने तिला पुण्य करून टाकलं.

सातव्या दिवशी गाठ बसली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! मग काय विचारता. वासरं माझ्यापासून लपवली गेली. रानाच्या कडेला ठेवलेले लसीचे गोळे करणीचे ठरवून लोकांनी खड्ड्यात पुरले. मी रस्त्याने निघाले की दारं लागायची.

महिन्याभराने म्हाताऱ्याची आठ वर्षांची नात अंगणात दिसली. हातात पेला, ओठांवर दुधाच्या मिशा. तिची मान एका बाजूला सुजली होती आणि त्यावर राख फासली होती.

"आजी आता माझ्याकडे आलीय," ती हळूच म्हणाली. "राखबाबा रोज राख लावतात."

त्या संध्याकाळी मी शेजारणीला घेऊन गर्दीत घुसले.

"तुमच्या गाईची गाठ कुठाय?" मी मोठ्याने विचारलं.

"बसली की! आठ दिवसांत."

"राख किती लावली?"

"राख? हा बाबा माझ्या अंगणात आला तर तंगडी मोडीन त्याची!"

लोक हसले. बाबा गडबडला नाही. "भिंतीला भिंत आहे. माझ्या राखेचा वारा लागला!"

"वाऱ्यानेही गाठ बसते?"

"बसणारच!"

मी नातीला पुढे घेतलं. "मग हिची का बसत नाही? हिला तर रोज मूठभर राख लागते."

बाबाने घसा खाकरला. "हिची श्रद्धा कमी पडते."

पोरीला रडू कोसळलं. "नाही हो आजोबा! मी रोज मनापासून पिते. सगळा पेला संपवते."

म्हातारा स्टुलावरून उठला.

"आजोबा," मी म्हटलं, "गाईची गाठ माझ्या सुईची होती, म्हणून बसली. पोरीची गाठ रोगाची दिसते. कच्च्या दुधातून हा रोग माणसात येतो. तिला उद्याच दवाखान्यात न्या. औषध आहे."

"म्हणजे... ती मला हाक मारत नव्हती?"

"नाही. गाय आजारी आहे."

"आणि म्हातारीला काय झालं होतं?"

"बहुतेक हेच. गाईने तिला दिलं की तिने गाईला, ते आता सांगता येणार नाही."

म्हाताऱ्याने नातीच्या हातातला पेला घेतला आणि मातीत ओतला. बाबा तेवढ्यात कधी सटकला ते कुणी पाहिलं नाही.

दवाखान्यात रोग पक्का ठरला. पोर महिनोन्महिने गोळ्या घेतेय, सूज ओसरतेय. पांढरीला गावाबाहेर वेगळं ठेवायला नेलं. वासरांना लस द्यायला मी पुन्हा आले, तेव्हा शेजारणीच्या वासराची मान म्हाताऱ्याने स्वतः धरली. मग रानडुकरांसाठीच्या लसीच्या गोळ्यांची टोपली उचलून तो माझ्यासोबत रानाच्या कडेपर्यंत चालला.

परतताना रिकाम्या गोठ्यापाशी तो थबकला. "मला अजून ऐकू येतं, डॉक्टरीणबाई."

"मग काय करता?"

"उठतो आणि दूध उकळायला ठेवतो."

तुम्हालाही असा आवाज आला तर खुशाल घाबरा. मीही घाबरले होते. पण दाराबाहेर हात जोडून उभे राहू नका. आत जाऊन बघा, कोण खोकतंय.