चपलांचं माप

मी तोंडाची फटकळ, हे आमच्या वस्तीवर कुणीही सांगेल. पण दोन वर्षं माझ्यापेक्षा माझे पायच जास्त बोलले. टाचांच्या भेगा बघून लोक विचारायचे, "गीताबाई, चपला कुठं गेल्या?" मी म्हणायची, "नवसात."

येशूला कुणी नवस बोलतं का? मी बोलले. आमचे मालक, बजरंग गवंडी, यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस सुरू झालं. त्या दिवशी मी म्हणाले, प्रभू, हे बरे होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. मला गोवर आला तेव्हा आई देवीला हेच बोलली होती. बाप्तिस्मा घेऊन मला बारा वर्षं झाली होती, पण जिवावर बेतलं की माणसाला आईचीच रीत आठवते.

दर रविवारी वस्तीपासून झरी गावापर्यंत पाच किलोमीटर अनवाणी जायची. प्रार्थनेच्या पत्र्याच्या शेडबाहेर सगळे चपला काढत. मला काढायला काही नसायचं आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला तोरा होता. आमचे पास्टर नागेश वयानं माझ्याहून लहान. एकदा म्हणाले, "बाई, देवासंगं सौदा करू नका. येशूनं बी दुःख टळू दे म्हणून रडून मागितलं, पर शेवटी बापाच्या हातात सोडलं. तुमी बी सोडा."

"तुमच्या घरात कुणी आजारी न्हाई, तुमाला बोलायला काय जातंय?" मी फाडकन म्हणाले.

मालकांना मात्र माझे पाय बघवत नव्हते. एका दुपारी मी आडवी झाले होते. त्यांनी गवंडीकामाची दोरी काढली, माझ्या तळपायाला लावली आणि गाठ मारली. मला जाग आली होती, तरी डोळे मिटून पडून राहिले. पुढच्या वेळी परभणीहून येताना त्यांच्या हातात पिशवी होती. तपकिरी चपला, मऊ तळाच्या.

"घाल की," ते म्हणाले.

"बरे व्हा, मग घालते."

"चालू नको. नुसता पाय घालून बघ. माप बरोबर आलं का, तेवढं सांग."

"बोट बी घालणार न्हाई. नवस मोडला तर?"

ते हसले. "बजरंग गवंड्याचं माप आजपर्यंत चुकलं न्हाई. पर आता हात लय कापायलाय, म्हणून इचारलं."

पुढे रोज विचारायचे, "आज तरी?" शेवटी वैतागून मी पिशवी माळ्यावर टाकली. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

एका मंगळवारी परभणीहून परतताना जीपमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून ते गेले. झरी यायला थोडंच अंतर राहिलं होतं. मला वाटलं, झोप लागली.

शेताच्या कोपऱ्यात त्यांना माती दिली. माझी जाऊ धुरपताबाई म्हणाली, "तुज्या येशूला तुजे पाय दिसले न्हाईत का?" मी मातीनं भरलेले पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

तीन रविवार मी झरीला गेले नाही. पास्टर घरी आले. मी त्यांच्यावर ओरडले, "मी माझा शब्द पाळला. त्यानं न्हाई पाळला!"

त्यांचे डोळे भरून आले. "त्यानं तसा शब्द दिलाच नव्हता, बाई," एवढंच बोलले आणि दिवस कलेपर्यंत ओसरीवर बसून राहिले. उपदेश केला नाही.

दोन दिवस मी चिडून होते. मग चूल पेटवताना हात थांबला. दोन वर्षं मी देवाला पाय दिले, हट्ट दिला नाही. भेगा त्यानं मागितल्याच नव्हत्या. मागितलं होतं ते मालकांनी, आणि तेही केवढंसं. तेवढं मी देवाचं नाव पुढे करून नाकारलं. त्या दिवशी मी पोटभर रडले.

चौथ्या रविवारी पिशवी माळ्यावरून काढली. खाली न बघता पाय घातले आणि चालू लागले.

शेडबाहेर सगळ्यांच्या चपलांशेजारी माझ्या काढून ठेवल्या. आत सतरंजीवर गुडघे टेकले. प्रार्थना सुरू झाली, तेव्हा मनात म्हणाले, प्रभू, आता तुझ्याकडे मागायला काही राहिलं नाही, तरी आले आहे. राग आहे, तोही तूच ठेव. तू नेशील तिकडे येईन, अट घालणार नाही.

मग राहवलं नाही. एकच निरोप दिला.

मालकांना तेवढं सांग. माप बरोबर आलं म्हणावं.