दोन अंगणांची झारी

मित्रांनो, माझ्या पोचे पडलेल्या पोटाला हसू नका. मी एक जुनी झारी आहे, पण मला दोन मालकिणी आहेत! सेबू बेटावरच्या फेलिसा आणि डोरिंग या शेजारणींनी तेलाच्या डब्यापासून मला घडवून घेतलं. सकाळी मी फेलिसाच्या वाफ्यात, संध्याकाळी डोरिंगच्या. कुंपणावरून मला देता-घेता त्यांच्या गप्पा रंगत आणि माझं निम्मं पाणी तिथंच सांडे.

एका वर्षी डोरिंगनं आपल्या गोड मक्याचं निम्मं बी फेलिसाला दिलं. आमच्याकडे रोजच्या जेवणात पांढरा मका, भरडून शिजवलेला. त्याचं पीक फेलिसाच्या परसामागेही होतंच. गोड मक्याचं मात्र भारी अप्रूप! फेलिसानं हौसेनं पेरला, मी पाणी घातलं, कणसं टपोरी भरली. जत्रेला तिनं ती उकडून पाहुण्यांपुढे ठेवली.

"वहिनी, हा कोंबड्यांचा मका आम्हाला का?" दीर म्हणाला. दाणे कडक, गोडीचं नाव नाही. सगळे हसले.

फेलिसा तडक कुंपणाशी गेली. "खोटं बी दिलंस ना मला? कोंबड्यांचा मका म्हणून हसले सगळे!"

"निम्मं बी दिलं, त्याचे चांगले पांग फेडलेस हो!" डोरिंगनं पाठ फिरवली.

बोलणं तुटलं आणि मी कुंपणाशी गंजत पडले. बुडाला भोक पडलं. फार वाईट दिवस होते ते, मित्रांनो.

शेवटी फेलिसाच्या सासूबाई चिडल्या. "अगं शहाणे, तुझ्या मक्याला आणि मागच्या पांढऱ्याला एकदमच तुरे आले. त्याचा पराग वाऱ्यानं तुझ्या कणसांवर पडला. मग गोडी राहील कशी? त्या बिचारीला कशाला बोल लावतेस?"

फेलिसा खजील झाली. तिनं माझं भोक बुजवून घेतलं आणि मला कुंपणावरून पुढे केलं. "चुकले गं डोरिंग."

डोरिंगनं मला हातात घेतलं. मग आत जाऊन बियांची बाटली घेऊन आली. "उरलेलं निम्मं. या खेपेला थांबून पेर, बाई."

पांढऱ्याचे तुरे वाळत आले, तेव्हा कुठे पेरणी झाली. पहिलं कणीस डोरिंगच्या हातात. ती चावत राहिली. फेलिसाचा जीव टांगणीला.

"सांग ना गं, कसा आहे?"

"कोंबड्यांना एक दाणा मिळायचा नाही!"

मित्रांनो, पीक बिघडलं तर आधी वारा कुठून आला ते बघा, मग शेजारणीला बोला. आणि माझ्यासारख्या गळक्या झारीला टाकू नका. भोक बुजतं. आजही माझं निम्मं पाणी कुंपणाशीच सांडतं, आणि मला त्याचं काही वाटत नाही.