मर्वच्या बादलीत काय होतं?

मित्रांनो, मी एक म्हातारा बॉटलब्रश आहे आणि स्वभावाने भारी संशयी आहे. बाटली घासायच्या ब्रशासारखी माझी लालभडक फुलं पाहून तुम्हाला वाटेल, एवढा हसतमुख वृक्ष कुणावर कशाला संशय घेईल? पण ज्याला जन्मभर एकाच जागी उभं राहायचं आहे, पाठीमागे पावलं वाजली तरी ज्याला वळून बघता येत नाही, त्याने संशय घ्यायचा नाही तर कुणी?

शिवाय हे आमच्या रक्तातच आहे. आमच्या बिया मण्यांएवढ्या टणक बोंडांत असतात. ही बोंडं फांदीला चिकटून वर्षानुवर्षं मिटलेली राहतात. फांदी तुटली किंवा वणव्याने होरपळली, तरच ती उघडतात. क्लॅरेन्स नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी माझी आई उभी होती. टपाल कचेरीत काम करणाऱ्या नोएलीन स्कलीने तिची एक काटकी तोडली, कागदी पिशवीत घालून खिडकीत ठेवली आणि बोंडं उमलल्यावर धुळीएवढ्या बिया पत्र्याच्या डब्यात पेरल्या. त्यातला एकटा मी जगलो.

त्या काळी आमच्या गावात अंगणात लावायचं ते गुलाबाचं झाड. कुंपणाजवळ नोएलीन मला लावत होती तेव्हा तिची सासू म्हणाली होती, "रानातलं झुडूप अंगणात? उद्या कांगारूला सोफ्यावर बसवशील!"

पण मी वाढलो. माझ्या फांद्या खाली झुकल्या आणि वसंत आला की टोकाटोकाला लाल ब्रश लटकू लागले. मध प्यायला सप्तरंगी पोपटांचे थवे येत आणि उलटे लटकून भांडत. पुढे सासूबाईच चर्चच्या जत्रेतल्या बायकांना माझ्याखाली चहाला बोलवू लागल्या.

पहिला बहर ओसरला तेव्हा नोएलीन कात्री घेऊन आली. मी शहारलो. वाटलं, काम झालं, आता ही मला संपवणार! तिने वाळलेल्या फुलांच्या मागे नेमकी बोटभर काटकी छाटली आणि निघून गेली. पुढच्या वर्षी मी दुपटीने फुललो. माझा संशय खोटा ठरला होता, पण मी त्यातून काही शिकलो नाही.

कुंपणापलीकडे मर्व कटमोर राहायचा. साखर कारखान्याची ऊस वाहणारी छोटी आगगाडी चालवून निवृत्त झालेला, एकटा आणि तोंडाने फटकळ. त्याची पांढरी मोटार माझ्या फांद्यांखाली उभी असे.

"नोएलीन, तुझ्या झाडाने गाडी रंगवली बघ पुन्हा!"

"झाड नाही रे, पोपट रंगवतात."

"मग पोपटांना सांग, हिरवा रंग मला शोभत नाही. एक दिवस या झाडाचा बंदोबस्तच करतो!"

नोएलीन हसली. मी मात्र त्या वाक्याची मनाशी गाठ मारून ठेवली.

मग दुष्काळ पडला. नदी आटली. नळीने झाडांना पाणी घालायला बंदी आली. त्याच वर्षी माझी कोवळी पानं पिवळी पडू लागली, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. आणि नेमकं तेव्हाच मी मर्वला पाहिलं. रोज उजाडताना तो बादली घेऊन कुंपणापाशी येई, डावीकडे बघे, उजवीकडे बघे, बादली माझ्या मुळांवर उपडी करी आणि झपाझप निघून जाई.

खरं सांगतो, मुळांना ते पाणी गोड लागलं. पण मी म्हटलं, विषही आधी गोडच लागत असेल!

एका सकाळी नोएलीनने त्याला पकडलं.

"मर्व, काय आहे त्या बादलीत?"

"पाणी. बियर असती तर मी प्यायलो नसतो का?"

"पाणी घालायला चोरासारखं इकडेतिकडे बघावं लागतं?"

मर्वचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "तुला काय म्हणायचंय?"

"झाड मरतंय माझं. आणि बंदोबस्त करतो असं कोण म्हणालं होतं?"

 त्याने रिकामी बादली उचलली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. मी मनात म्हटलं, बघा, पकडला गेल्यावर कसा पळाला!

त्यानंतर पाणी बंद झालं आणि मी आणखीच वाळलो. नोएलीनची खात्री पटली, विष आत भिनलं! तिने पुरुषभर उंच पत्र्याचं कुंपण घातलं. पत्रा बसवण्यासाठी मर्वच्या बाजूची माझी सगळ्यात जाड फांदी कापावी लागली. मला वाचवण्यासाठी मलाच कापलं, पण तेव्हा मला ते योग्यच वाटलं. गावच्या क्लबात लोक मर्वला बघून आपापले ग्लास झाकू लागले. "जपून रे, विषारी मर्व आला!" महिनाभराने त्याने क्लबात जाणंच सोडलं.

इकडे नोएलीन जिवापाड माझी सेवा करत होती. स्वयंपाकघरातल्या लाकडाच्या शेगडीची राख ती दोन हिवाळे माझ्या बुंध्याशी घालत आली होती. आता ती दुप्पट राख घालू लागली, वर चुन्याची भुकटीही. तिच्यावर संशय घ्यावा असं मला एकदाही वाटलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. मग शेजारच्या गावात देशी झाडांची रोपवाटिका चालवणारी बेव्हर्ली मला बघायला आली. तिने खोड चाचपलं, एक पान उन्हात धरलं आणि मूठभर माती ओली करून त्यात एक कागदाची पट्टी बुडवली. पट्टी निळी झाली.

"विष कोण म्हणालं तुला?" तिने विचारलं. "पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे उपासमार. जमिनीत लोह आहे, पण याला ते उचलता येत नाही. माती चुनखडीसारखी झालीय. राख घालतेस?"

"रोज. माझी आई कोबीला घालायची. कोबी कसा टरारून यायचा!"

"बाई गं, हा कोबी नाही!"

 "मग मर्वच्या बादलीत काय होतं?" नोएलीनने विचारलं.

"ते मला काय माहीत? मर्वला विचार की."

त्या दुपारी नोएलीन वळसा घालून मर्वच्या दाराशी गेली. पत्र्यापलीकडचं मला दिसत नव्हतं, फक्त ऐकू आलं.

"चुकले मी, मर्व. झाड मीच मारत होते. पण तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

 मर्व म्हणाला, "ये मागे."

शेडमागे त्याने, हे मला नंतर कळलं, एक पोकळ ओंडका जपून ठेवला होता. उसाच्या आगगाडीच्या रुळांवर पडलेल्या झाडातला. त्यात आमच्याकडच्या काळ्या, बारीक, नांगी नसलेल्या मधमाश्या होत्या.

"या तुझ्या झाडावर जगतात," मर्व म्हणाला. "मी यांच्या ताटात विष कालवीन? अंघोळीचं पाणी साठवून घालत होतो मी त्याला."

"मग लपत का होतास?"

"ज्या झाडाला मी गावभर शिव्या दिल्या, त्यालाच पाणी घालताना कुणी बघितलं असतं तर क्लबात तोंड दाखवता आलं असतं? शेवटी नाहीच आलं म्हणा."

नोएलीन हुंदके देत होती. मलाही लाज वाटली. त्या माश्या वर्षानुवर्षं माझ्या फुलांवर येत होत्या आणि त्या कुठून येतात असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

शनिवारी भरल्या क्लबात नोएलीन खुर्चीवर चढली आणि आपली चूक मोठ्याने सांगितली. मर्वने लगेच माफ केलं असं मात्र नाही. पुढचा महिनाभर तो तिच्याशी फक्त हवापाण्याचं बोलला. मग एके दिवशी पाना घेऊन आला आणि मधले दोन पत्रे काढले. "सगळे काढत नाही," तो म्हणाला. "गाडीवर अजून घाण होतेय."

आता मला राख मिळत नाही, पालापाचोळा मिळतो. नवी पानं हिरवी येतात. कापली ती फांदी काही परत आली नाही.

मित्रांनो, तुमच्या गावच्या बागेतही माझे भाऊबंद आहेत. त्यांना काही घालण्याआधी त्यांची माती कशी आहे ते कुणा जाणत्याला विचारा. आणि पहाटे तुमच्या कुंपणापाशी कुणी घुटमळताना दिसलं, तर संशय खुशाल घ्या, मीही अजून घेतो. फक्त पत्रा ठोकण्याआधी त्याच्या घरी जा, आणि तो काय म्हणतो ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.