शेवटच्या घटकेचे दोन वृत्तांत

चर्चच्या पाळकांचा हिशेब सरळ होता. एक वाक्य आईला, एक विधवेला. दोन्ही घरं शांत, आणि आपण दोघींचेही लाडके. खोटं बोलण्यात एवढा नफा क्वचितच सुटतो.

शिलाईवाल्या मावशींचा मुलगा तुरुंगाच्या दवाखान्यात तापानं गेला. भांडणात त्यानं एका गवंड्याचा जीव घेतला होता. शेवटच्या घटकेला पाळकांना बोलावणं आलं. पण ते जेलरसाहेबांकडे चहा-बिस्किटांत रमले आणि पोचले तेव्हा चादर तोंडावर ओढून झाली होती. मावशींनी विचारलं, तर पाळकांच्या तोंडून निघून गेलं, की पोरानं रडून क्षमा मागितली. गवंड्याच्या बायकोनं तर दारातच बजावलं, मेल्याला स्वर्ग मिळाला असं मला सांगू नका. तिला म्हणाले, शिव्या देतच गेला. गिऱ्हाईक बघून माल दाखवला, झालं. पण तेव्हापासून प्रभुभोजनाच्या मेजावर पांढरं कापड अंथरताना त्यांचा हात अडायचा.

त्यांच्या बायबल-वर्गात त्यांनीच पाडलेली एक रीत होती. एकच प्रसंग दोन शुभवर्तमानांतून दोघांनी वाचायचा, मग मेळ पाळकांनी घालायचा. त्या बुधवारी येशूच्या दोन बाजूंना वधस्तंभावर खिळलेल्या चोरांचा उतारा निघाला. बसल्या क्रमानं मत्तयाचं शुभवर्तमान गवंड्याच्या बायकोकडे गेलं, लूकचं मावशींकडे. पाळकांनी मावशींच्या चष्म्याचं निमित्त काढून पाळी बदलायला पाहिलं. मावशी म्हणाल्या, सुईत दोरा ओवते मी, अक्षरं दिसायला काय झालं?

गवंड्याच्या बायकोनं वाचलं, दोन्ही चोर येशूची निंदा करत होते. मावशींनी वाचलं, एकच करत होता. दुसऱ्यानं त्याला दटावलं आणि येशूला म्हटलं, माझी आठवण ठेव.

"मग खरं कुणाचं धरायचं?" गवंड्याच्या बायकोनं विचारलं.

"दोघांचंही, वहिनी. आधी दोघं निंदा करत असतील, मग एकाला उपरती झाली." हे उत्तर पाळकांना पाठ होतं.

मावशींचा चेहरा उजळला. "माझ्या लेकाचं तसंच झालं. शेवटी रडला."

"रडला? शिव्या देत गेला तो. पाळकसाहेबांनीच सांगितलं मला."

सगळ्या माना पाळकांकडे वळल्या. सुटकेची वाट अजून होती. आधी शिव्या, मग रडणं. मेळ अगदी जिभेवर तयार होता.

"साहेब," मावशींनी हळूच विचारलं, "तुम्ही तिथं होता ना?"

"नव्हतो," पाळक म्हणाले. "चहा पीत बसलो होतो. मी पोचलो तेव्हा तो गेला होता. काय बोलला, मला ठाऊक नाही."

मावशींनी पुस्तक मिटलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गवंड्याच्या बायकोपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"त्यानं माफी मागितली की नाही, आता कोण सांगणार? मी मागते, पोरी."

गवंड्याच्या बायकोनं शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली, तेवढी जागा झाली. मावशी तिथं टेकल्या.

पाळकांना कुणी बोल लावला नाही. वर्ग संपवायची प्रार्थनासुद्धा त्यांनाच करायला सांगितली. पोराचा गुन्हा आणि पाळकांचं खोटं, दोन्हींची किंमत म्हातारीनं चुकती केली होती. पाळकांकडे मागायला कुणी आलंच नाही.