मशीनवरचं शून्य

माझ्या दोन्ही भावांच्या एकेक सणसणीत कानाखाली द्यावी असं मला त्या दिवशी वाटलं होतं. आजही वाटतं. मी सगळ्यात मोठी, मला तेवढा हक्क आहे.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, गेले आणि दोघांनी त्यांच्या गॅरेजच्या मधोमध भिंत घातली. थोरल्याकडे इंजिन आणि दुरुस्ती, धाकट्याकडे टायर. मागच्या राहत्या खोल्याही तशाच चिरल्या. आईची खोली थोरल्याच्या वाट्याला आली आणि कमोडचं बाथरूम धाकट्याच्या. आई हट्टाला पेटली, म्हणून तिच्या खोलीतून बाथरूमकडे जायला त्या भिंतीत एक दार तरी राहिलं. आई धडधाकट होती तोवर दार बंद असलं तरी ती बाहेरून वळसा घालून जायची, कुणाला काही बोलायची नाही. पण आता तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. वॉकर धरून चार पावलं टाकायची, जिना अजिबात नाही, आणि गाडीतून आणताना हादरे बसू द्यायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी राहते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे आईला तिच्याच खोलीत आणायचं होतं. हॉस्पिटलमधून, हायवेनं, माझ्या गाडीतून, दुसऱ्या दिवशी.

त्यासाठीच तर मी धाकट्याकडून चारही टायर नवे बसवून घेतले. आणि परत जाताना, नव्वदला काटा गेला मात्र, स्टिअरिंग थरथरायला लागलं. सीटही. माझे दात वाजले, तर टाके घातलेल्या पाठीचं काय होईल! तिथूनच गाडी वळवली.

"माझं बॅलन्सिंगचं मशीन शून्य दाखवतंय, ताई," धाकटा म्हणाला. "शून्य म्हणजे चाकाचा तोल अगदी बरोबर. दादानं मागे शॉकअप बदललेत ना तुझे? त्याला विचार."

पलीकडे गेले. थोरला गाडीखालून बाहेरसुद्धा आला नाही. "टायर कुणी बसवले?" खालूनच आवाज आला. "मग त्याचं त्यानं निस्तरावं. माझ्या कामाला नाव ठेवायचं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दोघंही गाडीत बसा," मी रस्त्यावर उभी राहून ओरडले. "आत्ताच्या आत्ता. नाहीतर उद्या आईला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा."

बसले. एक पुढे, एक मागे, दोन खिडक्यांतून दोन दिशांना बघत. एका गाडीत बसायची त्यांची ही किती वर्षांनी वेळ होती कुणास ठाऊक. हायवेला लागले आणि वेग वाढवला. थरथर सुरू झाली. गिअर न्यूट्रलला टाकला, तरी तेच. म्हणजे इंजिन नाही. ब्रेक हलका दाबून पाहिला, थरथर वाढली नाही. म्हणजे ब्रेकची चकती नाही. सत्तरच्या खाली आले आणि गाडी गप्प झाली. बापाच्या हाताखाली मीही वाढलेय. लग्न झालं म्हणून कान गेले नाहीत माझे.

"चाकं आहेत," मी म्हटलं.

"बघ!" मागून थोरला. आवाजात काय आनंद त्याच्या! आईच्या पाठीची चिंता नाही, धाकटा सापडला याचा आनंद.

"माझं मशीन..." धाकट्यानं सुरू केलं.

"तुझ्या मशीनची आरती ओवाळ आता. चाक काढ."

गॅरेजला परतल्यावर त्यानं पुढचं चाक काढलं, मशीनवर चढवलं, फिरवलं. शून्य. माझ्याकडे असं बघितलं जणू मीच गुन्हेगार.

"आता नट सैल कर," मी म्हटलं. "चाक अर्धं फिरव आणि परत आवळ. अप्पा करायचे तसं."

अप्पा हे प्रत्येक चाकाला करायचे. घाईचं गिऱ्हाईक असो, ओळखीचं असो, ते चाक सोडून, अर्धं फिरवून पुन्हा तपासल्याशिवाय हातातून जाऊ द्यायचे नाहीत. चाक मशीनवर अगदी मधोमध बसलं असेल, तर कसंही फिरवा, शून्य ते शून्यच. नसेल बसलं, तर पहिलं शून्य खोटं.

"कर ना! का भीती वाटते?"

त्यानं केलं. मशीननं आकडा दाखवला, चांगला मोठा. थोरला शटरच्या चौकटीला टेकून उभा होता, भावाच्या हद्दीत पाय न टाकता. तो मोठ्यांदा हसला.

"दात काढू नकोस," मी त्याला म्हटलं आणि धाकट्याकडे वळले. "कोन कुठला लावलायस?"

चाक मशीनच्या दांड्यावर मधोमध बसावं म्हणून त्याच्या भोकात एक निमुळता लोखंडी कोन सरकवतात. अप्पांकडे लहान-मोठे होते. माझ्या गाडीच्या चाकाचं भोक मोठं, त्याला सगळ्यात मोठा कोन लागतो. यानं मधला लावला होता. चाक केसभर तिरकं बसायचं, आणि तिरक्या चाकाला हा वजनं चिकटवून शून्यावर आणायचा.

"मोठा कुठाय?"

धाकटा खाली बघत पुटपुटला, "मशीन मला आलं. कपाट त्याला गेलं. मोठा कपाटात होता."

"मग मागायचा!"

"त्याच्याकडे? मेलो तरी नाही."

"आणि तू?" मी थोरल्याला विचारलं. "तुला टायरच्या कोनाचं काय लोणचं घालायचं होतं?"

"मागितला असता तर दिला असता," तो म्हणाला. मग जरा थांबून, "बघितलं असतं."

कपाटाकडे जायला मी मागचं मधलं दार ढकललं. हलेना. पलीकडून काहीतरी जड लावलं होतं. बाहेरून वळसा घालून थोरल्याच्या बाजूनं आत गेले, आईच्या खोलीत. दाराच्या तळाशी, फरशी आणि फळीच्या मध्ये, अप्पांचा मोठा कोन पाचरीसारखा ठोकून बसवलेला होता.

मला रडू आलं, पण रागाचंच. तो कोन मी लाथा मारमारून काढला. पायाचं बोट ठेचलं, त्याचा हिशेब वेगळा.

चारही चाकं पुन्हा झाली. या खेपेला धाकट्यानं प्रत्येक चाक न सांगता अर्धं फिरवलं. मी हायवेवर जाऊन आले. शंभरलाही स्टिअरिंग एका बोटावर राहिलं, आणि त्या एका क्षणी मला दोघांबद्दल बरं वाटलं, मूर्ख मी. कोन परत दाराखाली जाऊ नये म्हणून मी डिकीत टाकला होता, तो तिथेच ठेवला. "उद्या आई येतेय," दोघांना ऐकू जाईल असं म्हटलं. "दार उघडं पाहिजे." दोघांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आईला मागच्या सीटवर उशा लावून आणलं. ती सगळी वाट डोळे मिटून होती. मध्येच म्हणाली, "गाडी किती छान चालतेय गं. दार उघडलंय का त्यांनी?"

"हो," मी न बघताच ठोकून दिलं.

गाडी उभी करून आधी मी आत गेले. कोनाच्या जागी थोरल्यानं एक जुना गिअरबॉक्स लावला होता. तो मी ढकलायला लागले, तर पलीकडून कडीचा आवाज. नवी कोरी कडी, धाकट्याच्या बाजूनं.

"त्यानं आधी कडी काढू दे," थोरला म्हणाला.

"त्यानं आधी ते धूड हलवू दे," भिंतीपलीकडून धाकटा.

"आई गाडीत बसलीय रे!"

गिअरबॉक्स हलला नाही आणि कडीही. मी आणखी शब्द खर्च केला नाही. बाहेर आले, गाडीत बसले, इंजिन सुरू केलं. तेव्हा मात्र दोघं धावत आले. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आले शुद्धीवर.

धाकट्यानं माझी काच वाजवली. "ताई, तो कोन तेवढा देऊन जा. कामाला लागतो."

"त्याला कशाला? माझ्या कपाटातला आहे तो," थोरला म्हणाला.

मागच्या खिडकीत आई होती. काच उघडीच होती. तिनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. लहानपणी ताटात एकच तुकडा उरला की बघायची, तसं.

"दे त्यांना," आई मला म्हणाली. "पण हातात नको देऊस कुणाच्या. मधे ठेव."

मी उतरले. डिकीतून कोन काढला आणि दोन्ही शटरच्या बरोबर मध्ये, भिंत जिथे रस्त्याला टेकते तिथे, जमिनीवर ठेवला. मग गाडी काढली. आरशात दिसत होतं, दोघं उभेच होते, वाकायला कुणी तयार नव्हतं.

"तुझे जिने किती आहेत गं?" आईनं विचारलं.

"खुर्चीत बसवून नेऊ. शेजारची माणसं येतील."

"येतील ना?"

"येतील," मी म्हटलं, आणि या खेपेला खोटं बोलत नव्हते.