एक जुलैची माणसं

सुमती रामटेकेचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि नागपूरच्या उन्हाचा त्यात काही दोष नव्हता. कॉम्प्युटरच्या खोलीत तर यंत्रासाठी गारवा करून ठेवलेला. नर्सिंगच्या प्रशिक्षणाला आलेले नऊशे अर्ज तिनं स्वतः पंच केले होते, एका अर्जाचं एक भोकं पाडलेलं कार्ड. त्यातली दोनशे चौदा कार्डं यंत्रानं दुबार म्हणून बाद केली. तिच्या धाकट्या बहिणीचं, देवकीचं कार्डही त्यातच. मुलाखतीची पत्रं आज संध्याकाळच्या टपालानं जायची होती आणि पुढच्या वर्षी देवकीचं वय उलटणार होतं.

प्रोग्रॅम मधुकरराव वानखेडे साहेबांचा. मुंबईहून नवं तंत्र शिकून आल्यापासून त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. कोणी दोनदा अर्ज भरला तर पकडायचा कसा? आडनाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच; पहिलं कार्ड ठेवायचं, पुढची बाद. पूर्ण नाव ताडून बघायला यंत्राला वेळ लागतो म्हणे.

सुमतीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "साहेब, खेड्यात जन्मतारीख कोणाले माहीत राहते? शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जुलै लिहितात. आमचं अर्धं गाव रामटेके, अन् सारे एक जुलैचे. एका वर्गातल्यांचं सालही एकच."

"तू कार्डं पंच कर," साहेब म्हणाले होते. "डोकं चालवायले मी आहो."

आज ती बाद कार्डांचा खोका घेऊन पुन्हा त्यांच्या टेबलापुढे उभी राहिली. "यात एकट्या आमच्या गावच्या अकरा पोरी आहेत, साहेब. बापांची नावं तरी पाहा."

"बहिणीसाठी जीव तुटून राहिला तुझा," साहेब हसले. "मशीन चुकत नसते, बाई."

सुमतीचे कान गरम झाले. चोर एखादाच असेल, आणि फाशी दोनशे चौदा संन्याशांना! रागानं रडू येत होतं, पण या माणसासमोर ती रडणार नव्हती.

तिनं कपाट उघडलं आणि कॉम्प्युटर केंद्रातल्या सगळ्या नोकरांची हजेरीची कार्डं काढली. मांडणी तीच, माणसं एकवीस. सर्वांत जुना नोकर चौकीदार नत्थूजी वानखेडे, म्हणून त्याचं कार्ड सर्वांत वर. साहेबांच्याच प्रोग्रॅमवर तिनं ती चालवली. वीस पुढे गेली, एक बाद झालं.

तिनं दारातून हाक मारली. "नत्थूजी, तुमची जन्मतारीख काय?"

"मले का माहीत, पोरी? मास्तरनं एक जुलै लिवली. अठ्ठावीस साल."

साहेबांच्या काटोलच्या शाळेतल्या मास्तरानंही तेच केलं होतं. सुमतीनं बाद कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. वानखेडे, एक जुलै अठ्ठावीस, मधुकरराव.

"मशीननं नत्थूजीले ठेवलं, साहेब. दुबार तुम्ही निघाले."

साहेबांनी कार्ड उचलून भोकं ताडून पाहिली. मग कोणाचं लक्ष नाही असं समजून त्यांनी कार्ड हळूच खिशाकडे नेलं.

सुमतीनं हात पुढे केला. "ते इथंच राहू द्या. तुमचा नंबर दोनशे पंधरावा. आधी माह्या दोनशे चौदा पोरी यादीत लावा."