लोला बेबांगचा राहिलेला डाव

आमची लोला गेली ती बिंगोचे आकडे पुकारता पुकारता गेली. लोला म्हणजे आजी. कागदोपत्री हेनोवेवा, पण अख्ख्या गावाची लोला बेबांग. रविवारची मिस्सा आटोपली होती, चॅपेलच्या अंगणात टेबलं लागली होती. तिनं डब्यातून आकडा काढला, हात उंच केला आणि ओरडली, "ओ, पंच्याहत्तर! सगळ्यांत म्हातारा!" आकड्याआधी त्याच्या रांगेचं इंग्रजी अक्षर पुकारायचं, आणि मागून लोला एक टोपणनाव जोडायची; इंग्रजी 22 दिसायला बदकांसारखं, म्हणून ते 'दोन बदकं'. बिंगोत पंच्याहत्तरच्या पुढे आकडा नाही, म्हणून तो निघाला की लोला स्वतःकडे बोट दाखवून कंबर हलवायची. वय वर्षं एक्याण्णव. सगळे हसले, तीही हसली, हसत हसत खुर्चीत टेकली आणि उठलीच नाही. आम्ही मात्र बराच वेळ हसत होतो. मरणाचं सोंग तिनं याआधीही दोनदा केलं होतं, एकदा तर नव्या पाद्रीबाबांसमोर.

तो डाव अर्धाच राहिला, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. कारण त्या डावाचं बक्षीस होतं एक जिवंत, लठ्ठ बदक.

बदक आमच्या स्वयंपाकघरामागे फणसाला बांधलेलं होतं. माझी आत्या, तिया चारिंग, लोलाची थोरली लेक. तिनं आई गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, कारण रडायला हात मोकळे लागतात आणि तिच्या एका हातात कायम पळी होती. नवव्या दिवसाच्या जेवणात बदकाचा अदोबो करायचा हे तिनं ठरवून टाकलं. शिर्का आणला, लसूण सोलून ठेवला. तेवढ्यात दारात लोला मेनांग उभी राहिली.

मेनांग म्हणजे लोलाची परकरी वयापासूनची मैत्रीण. एक कान पूर्ण बंद, दुसरा मर्जीप्रमाणे उघडणारा. तिच्या हातात ताटलीखाली झाकलेलं बिंगोचं कार्ड होतं. आकड्यांवर मक्याचे दाणे, आणि ते हलू नयेत म्हणून तिनं ते शिजलेल्या भातानं चक्क चिकटवले होते.

"चारिंग, त्या बदकाला हात लावलास तर बघ," ती म्हणाली. "डाव संपलेला नाही. मला फक्त एक आकडा हवाय."

"अगं मावशी, पुकारणारी गेली ना!"

"पुकारणारी मिळाली? मग बदक बांधलेलंच राहू दे."

"गेली! गेली म्हणतेय मी!"

"ओरडू नकोस, बहिरी आहे का मी? आणि गेली कुठे? नवव्या दिवसापर्यंत माणूस घरातच असतं. एवढंसुद्धा शिकवलं नाही का तुला बेबांगनं?"

तिया चारिंगनं बदक फणसालाच राहू दिलं. गावात लहान पोरालाही ठाऊक आहे. नऊ संध्याकाळी प्रार्थना होते, नवव्या दिवशी मरिआमातेच्या नावांची शेवटची नामावळी म्हणून झाली की आत्मा निघतो. मेनांग रोज संध्याकाळी ताटलीसकट यायची, पुढच्या बाकावर बसायची आणि प्रार्थना झाली की कार्ड तसंच झाकून घरी न्यायची.

आता माझं दुखणं सांगते. मी निम्फा, लोलाची नात. मनिलात एका दातांच्या डॉक्टरकडे फोन उचलते. आणि लोलानं जाण्याआधी माझ्याकडून वचन घेऊन ठेवलं होतं.

"आठ दिवस आलिंग सेपाला म्हणू दे," ती म्हणाली होती, "नाहीतर ती भांडायला माझ्या मागे स्वर्गात येईल. पण नवव्या दिवशी तू म्हण. तिचा आवाज म्हणजे खवणीवर नारळ. मी दारातून मागे फिरेन बघ."

आलिंग सेपा ही गावातली दुसरी प्रार्थना म्हणणारी. लोला सगळं पाठ म्हणायची, चुकली तरी ठसक्यात. सेपा पुस्तकातून, बोट ठेवून, स्वल्पविरामासकट. दोघींचं चाळीस वर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. लोला म्हणायची, सेपाची प्रार्थना देव नक्की ऐकतो, कारण लवकर संपावी असं त्यालाही वाटत असणार.

मी लोलाचं पुस्तक शोधायला गेले, तर ते शवपेटीत. लोलानं बजावलं होतं की माझ्या हातात बिंगोचं कार्ड ठेवा. तिया चारिंगला पाद्रीबाबांची लाज वाटली आणि तिनं कार्डाऐवजी प्रार्थनेचं पुस्तक ठेवलं. म्हणजे लोलाला जे पाठ होतं ते वर गेलं आणि जिला येत नव्हतं ती मी खाली कोरडी. गावात दुसरं पुस्तक एकच, सेपाचं.

"पुस्तक माझं, तर तोंडही माझं," सेपा म्हणाली. "तुला म्हणायचंय ना? पाठ म्हण. पण जिथे अडखळशील तिथून पुढे मी. तुटक्या नामावळीनं आत्मा उंबऱ्यावर अडकतो, हे माझं म्हणणं नाही, तुझ्या आजीचंच आहे."

खरंच होतं ते. तिया चारिंगनं मान डोलावली आणि मी फसले.

तसं मी सगळं ऐकलेलं होतं. लहानपणी मी लोलाच्या घागऱ्याला धरूनच वाढले. सकाळी तिच्यामागे चॅपेलमध्ये, दुपारी बिंगोच्या टेबलाशी. अडचण एवढीच, की लोला दोन्ही एकाच चालीत म्हणायची. तोच हेल, तोच ठेका, शेवटी तोच उंच गेलेला सूर. तिला त्यात काही वावगं वाटत नसे. "ते चॅपेलचं छप्पर कशानं घातलंय? बिंगोनं," ती म्हणायची. "मग माझ्या आकड्यांनी मरिआमातेला पावसापासून वाचवलंय की नाही?" उपवासकाळात ती बिंगो सोडायची खरी, पण झोपेत आकडे पुकारायची आणि शेजारच्या खोलीतून माझा आजोबा दाणे लावायचा. डाव हरली की घरातल्या बाळ येशूच्या मूर्तीचं तोंड भिंतीकडे फिरवायची, जिंकली की त्याला नवा झगा. त्या बाळाकडे राजपुत्रापेक्षा जास्त कपडे होते. आत्ता मात्र तो भिंतीकडेच बघत उभा होता. आदल्या शनिवारी लोला हरली होती आणि तिच्या पश्चात त्याला वळवायची कुणाची छाती नव्हती.

मी न्हाणीघरात सराव केला, अंगणात केला, बदकासमोर केला. बदकाला माझं आवडत नसावं. दर चार नावांनी ते ओरडायचं.

नववी संध्याकाळ उजाडली म्हणा किंवा मावळली म्हणा. अंगण गच्च भरलं. लोलाचा फोटो मेणबत्त्यांमध्ये होता, आणि त्यातही ती एक डोळा मिटून हसत होती. जपमाळ सुरळीत पार पडली. सेपा माझ्या उजव्या हाताला पुस्तक मांडीवर उघडून बसली होती, मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तशी. पुढच्या बाकावर मेनांग, मांडीवर ताटली.

नामावळी सुरू झाली. मी एकेक नाव घ्यायची आणि सगळे म्हणायचे, "आमच्यासाठी विनंती कर."

"न्यायाचा आरसा."

"आमच्यासाठी विनंती कर."

"ज्ञानाचं आसन."

"आमच्यासाठी विनंती कर."

आणि माझी पाटी कोरी. पुढचं नाव गायब. जिभेच्या टोकावरसुद्धा नाही, कुठेच नाही. सेपानं एक बोट ओलं केलं. मी फोटोकडे बघितलं, लोलानं डोळा मिटलेलाच होता. बाईसाहेब, मनात म्हटलं, तुम्ही उंबऱ्यावर अडकणार आणि आता सेपाच तुम्हाला ढकलणार.

तोच मागून बदक ओरडलं. "क्वॅक! क्वॅक!"

आणि माझ्या तोंडातून, माझी शप्पत, मला न विचारता, लोलाच्या हेलात आलं, "आय, बावीस! दोन बदकं!"

"आमच्यासाठी विनंती कर!" सगळं अंगण एका सुरात म्हणालं. कुणाला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. तिया चारिंगनं तर क्रूसाची खूणही केली.

फक्त सेपा उठली. गुडघे कडकड वाजले. पुस्तक हातात घेऊन ती माझ्याकडे वळली आणि तोंड उघडणार, तेवढ्यात पुढच्या बाकावरून किंकाळी आली.

"बिंगो!"

लोला मेनांग ताटली डोक्यावर धरून उभी होती.

सेपा जिथल्या तिथे थांबली. काय करणार बिचारी, नियम म्हणजे नियम. "तपासल्याशिवाय बिंगो नाही," ती म्हणाली. हातात कार्ड घ्यायला जागा हवी म्हणून तिनं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं, चष्मा चढवला आणि भाताच्या खपल्या नखानं काढत एकेक आकडा मोठ्यानं वाचला. शेवटी तिचं बोट एका रिकाम्या घरावर थांबलं. "आय, बावीस," ती म्हणाली. "बरोबर आहे."

"कसलं बरोबर!" तिया चारिंग पळी उगारून पुढे आली. "पुकारलं निम्फानं! आईनं कुठे पुकारलं?"

"मी बहिरी आहे, चारिंग," मेनांग म्हणाली, "पण एवढी नाही. ऐंशी वर्षं तो आवाज ऐकतेय. बेबांगच होती ती." मग ती खाली बसली आणि कार्डाकडे बघत राहिली. "आता डाव संपला गं," ती म्हणाली. "आता ती जाणार. मला कुठे जिंकायचं होतं? सवयीनं तोंडातून निघून गेलं. नवव्या दिवशी गुपचूप कार्ड घेऊन घरी जाणार होते मी. डाव राहिला असता, तर ती कशी गेली असती?"

आणि ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. मला वाटलं होतं, म्हातारी बदकासाठी हटून बसलीय. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं होतं.

तिया चारिंगनं पळी खाली ठेवली. नऊ दिवसांत पहिल्यांदा. ती मेनांगशेजारी बाकावर बसली, तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिचा बांध फुटला. शेवटी मीच उठून बाळ येशूला भिंतीकडून वळवलं. म्हटलं, बघ बाबा, जिंकलो आम्ही, आणि परत जागेवर येऊन बसले.

सेपा अजून उभीच होती. पुस्तक माझ्या मांडीवरून घसरून तिच्या पायाशी पडलं होतं. तिनं ते उचललं, पान शोधलं, माझ्याकडे बघितलं. मी जागा सोडायला लागले. ठरलं म्हणजे ठरलं.

"बस खाली," ती म्हणाली. मग वाकून माझ्या कानात पुटपुटली, खवणीचा आवाज शक्य तेवढा बारीक करून, "पुढचं नाव, 'आमच्या आनंदाचं कारण.' म्हण, पोरी. तुझंच आहे ते."

मी लोलाच्या फोटोकडे बघितलं आणि म्हटलं, लोलाच्याच चालीत.

"आमच्या आनंदाचं कारण."

पण उत्तर द्यायचं सोडून जो तो डोळे पुसत होता. सेपासुद्धा चष्मा पुसत होती. शेवटी पहिलं उत्तर मागून बदकानं दिलं आणि मग सगळं अंगण हसत रडत त्याच्यामागून म्हणालं. नामावळी मी शेवटपर्यंत नेली. त्या रात्री आम्ही अदोबो कोंबडीचा खाल्ला, आणि मेनांग बदक काखेत मारून घरी गेली. त्याचं नाव तिनं बेबांग ठेवलंय.